टॉवर बंद असताना निरोप पोचवावा कसा

घाटमाथ्यावरच्या वाड्यांत भर पावसात वीज गेली की काही तासांत टॉवरही मान टाकतो आणि हातातला फोन केवळ विजेरीपुरता उरतो. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेला निरोप अशा वेळी आपल्याच फोनमध्ये रेंजची वाट पाहत राहतो. फोनमधले ब्लूटूथ आणि वायफाय मात्र शाबूत असतात आणि दूध घालायला, रेशन आणायला माणसे या वाडीतून त्या वाडीत जातच असतात. त्या ये-जा करणाऱ्या फोनांवर निरोप चढवून द्यायचा, एवढीच ही युक्ती आहे. कर्नाटकात दोड्डबळ्ळापूर परिसरात ‘डाकनेट’ या प्रकल्पाने हेच काम एसटीसारख्या प्रवासी बसवर वायफायचे यंत्र बसवून केले होते, आपल्याला दूधवाल्याचा फोन पुरतो.

प्रथम, रेंज असतानाच एका अँड्रॉइड फोनवर ब्रायर हे निरोप पाठवायचे मोफत अ‍ॅप घ्यावे. इतरांना ते इंटरनेटशिवायही देता येते: ब्रायरच्या सेटिंग्जमधून अ‍ॅप ऑफलाइन देण्याचा पर्याय निवडला की हा फोन स्वतःचे हॉटस्पॉट सुरू करतो आणि दुसरा फोन त्याला जोडून अ‍ॅप उतरवून घेतो. आयफोनवर ब्रायर चालत नाही. ब्रायरचा संकेतशब्द कागदावर लिहून ठेवावा, कारण तो विसरल्यास परत मिळवण्याची सोय नाही.

नंतर दोघांनी समोरासमोर बसून ब्रायरमधला एकमेकांचा क्यूआर कोड स्कॅन करून ओळख जोडावी. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी: ब्रायरमधला खाजगी संदेश तिसऱ्याच्या फोनमार्फत पुढे जात नाही, फोरमवर, म्हणजे सगळ्या सदस्यांना दिसणाऱ्या सामायिक फलकावर, लिहिलेला मजकूर मात्र जातो. म्हणून वाडीसाठी एक फोरम उघडून तो रोज फिरणाऱ्यांना, म्हणजे दूधवाला, आशाताई, पोस्टमन यांना आधी द्यावा व त्यांनी तो पुढच्या वाडीतल्या आपल्या ओळखीच्यांना द्यावा. फोरम कोणीही पुढे देऊ शकतो, तेव्हा कोणाच्या आजाराची किंवा पैशांची गोष्ट तेथे लिहू नये.

माझ्या मते खरी काळजी घ्यायची ती मजकुराची. निरोप तासाने पोचेल की दुसऱ्या दिवशी, याचा नेम नसतो. ‘आत्ता रस्ता बंद आहे’ हे वाक्य उद्या वाचणाऱ्याची फसगत करते. त्याऐवजी असे लिहावे: ‘२२ जुलै, सकाळी ७. ओढ्यावरचा साकव पाण्याखाली. स्वतः पाहिले. गाडी वरच्या रस्त्याने न्यावी. २३ जुलै सकाळपर्यंतच ग्राह्य.’ निरोप मिळाल्यावर ‘पोचला’ असे वेळेसह फोरमवरच लिहावे. ती पोचही त्याच वाटेने परत येते.

पावसाळ्यापूर्वी एकदा चाचणी घ्यावी. फोरममधले तीन फोन एरोप्लेन मोडवर टाकून फक्त ब्लूटूथ सुरू करावे. पहिल्या फोनवरून फोरमवर लिहावे, दुसरा फोन जवळ काही मिनिटे ठेवावा आणि मग तो तिसऱ्याच्या घरी न्यावा. मजकूर तेथे उमटला नाही, तर आधी बॅटरी बचतीची सेटिंग पाहावी, कारण ती ब्रायरला पडद्यामागे चालू देत नाही. तेही ठीक असेल, तर फोन मध्ये बंद पडून पुन्हा सुरू झाला होता का, हे विचारावे. संकेतशब्द टाकेपर्यंत ब्रायर कोणाशीही देवाणघेवाण करत नाही, आणि दूधवाल्याला हे कोणी सांगितलेले नसते.