वस्तऱ्याच्या दगडातली रेघ: आधी नख फिरवा

धार लावायच्या नैसर्गिक दगडावर रेघ दिसली की लगेच तो बाद करू नका. बऱ्याच रेघा नुसत्या रंगाच्या असतात. दगड ओला करून रेघेवर आडवं नख फिरवा, मग एखादं जुनं पातं अलगद ओढा. कुठे अडकलं, खरखरलं, तर तिथे कठीण कण आहे. वस्तऱ्याची बारीक धार बिघडवायला तो एकटाच पुरे. टोकदार सुईने तेवढाच कण पृष्ठभागाच्या जरा खाली जाईपर्यंत कोरा आणि खड्ड्याच्या कडा बारीक पॉलिश पेपरने मोडा. खड्डा राहिला तरी चालतो, उंचवटा नाही! दगड पुढे झिजला की तोच कण पुन्हा वर येतो, म्हणून सपाट केल्यावर दरवेळी नख फिरवाच. दगडाच्या बाजूला चीर असेल तर तिच्यात पातळ सुपरग्लू मुरवा.