किनाऱ्यालगतच्या कमी दाबावर कोल्हापुरातून नजर कशी ठेवावी

उन्हाळी सोयाबीनची मळणी चालू असताना कोकण-गोव्याच्या किनाऱ्यालगत कमी दाबाचे क्षेत्र तयार झाल्याची बातमी आली की कोल्हापुरात पहिला प्रश्न येतो तो वादळाचा. त्याचे उत्तर व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या नकाशांत शोधू नये. हवामान विभागाच्या दिल्लीतील चक्रीवादळ केंद्राचे दैनंदिन पत्रक आधी वाचावे. त्यात पुढील सात दिवसांत डिप्रेशन (कमी दाबाच्या क्षेत्रापुढची, अधिक जोराची पायरी) तयार होण्याची शक्यता शून्य, कमी, मध्यम किंवा जास्त अशी दिलेली असते. वाऱ्याचा वेग ताशी ३१ किलोमीटरच्या आत असेपर्यंत ते केवळ कमी दाबाचे क्षेत्र असते. त्यापुढे ४९ पर्यंत डिप्रेशन, ६१ पर्यंत डीप डिप्रेशन आणि ६२ पासून चक्रीवादळ म्हणतात व त्याला नाव मिळते. एका दिवसाच्या शब्दावर विसंबू नये. ती शक्यता रोज वाढते आहे की घटते आहे, हे वहीत टिपून ठेवावे.

त्यानंतर इन्सॅट उपग्रहाची चित्रे पाहावीत. येथे बहुतेकांची नजर ढगांच्या पांढऱ्या पुंजक्यावर खिळते, परंतु शोधायचे असते ते वाऱ्याच्या भोवऱ्याचे केंद्र. खालच्या थरातील ढगांच्या रेषा कोठे वळतात हे सकाळच्या उजेडातील चित्रात सर्वांत स्पष्ट दिसते. केंद्र उघडे पडून गडगडाटी ढग एकाच बाजूला सरकले असतील, तर वरच्या आणि खालच्या थरांतील वाऱ्यांमध्ये मोठा फरक आहे आणि कमी दाबाची ही प्रणाली जोर धरणे कठीण आहे, असे समजावे. केंद्रावरच ढग दाटून रात्रभर टिकले, तर मात्र सावध व्हावे. समुद्राचे तापमान साधारण २६.५ अंशांच्या वर लागते. मे महिन्यात आपल्या किनाऱ्यालगत ते असतेच, म्हणून त्यावरून फारसा निष्कर्ष निघत नाही.

खरा निर्णायक मुद्दा प्रणालीला समुद्रावर किती वेळ मिळतो हा आहे. २४ मे २०२५ रोजी किनाऱ्यालगतचे डिप्रेशन रत्नागिरी-दापोली दरम्यान जमिनीवर आले आणि वादळ झालेच नाही. उलट २०२० मध्ये ३१ मे रोजी तयार झालेले कमी दाबाचे क्षेत्र समुद्रावरच राहून वाढत गेले आणि ३ जूनला 'निसर्ग' होऊन अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले. तीन दिवसांचा हा अवधी पाहता पत्रक आठवड्यातून एकदा वाचणे पुरेसे नाही.

घरी वायुभारमापक असल्यास सकाळच्या आकड्याची तुलना दुपारच्या आकड्याशी करू नये. आपल्याकडे दाब रोजच सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास काही हेक्टोपास्कलने (हे दाबाचे एकक) उतरतो. म्हणून आजच्या चारची तुलना कालच्या चारशीच करावी. शहर सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने मूळ आकडा समुद्रसपाटीपेक्षा बराच कमी दिसतो, त्याने घाबरू नये.

वादळ होवो वा न होवो, समुद्रावरून येणारे बाष्प सह्याद्रीवर आदळतेच. त्यामुळे गगनबावडा आणि राधानगरीच्या पावसाचे आकडे रोज पाहावेत. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरील पंचगंगेची पातळीही पाहावी, जिथे इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे. मळणीचे दिवस असल्यास, शक्यता 'मध्यम' होण्याची वाट न पाहता, कापलेले पीक ताडपत्रीखाली घ्यावे.