हार्टच्या जेनेटिक्समध्ये यायचंय? आधी ९पी२१ बघा

एम.एस्सी. बायोटेक झालेली पोरं नेहमी विचारतात, हार्ट अटॅकच्या जेनेटिक्समध्ये काम करायचंय, प्रोग्रामिंगसाठी आर शिकू की पायथन. अरे कुठलंही शिका, त्यात नका अडकू. माझं म्हणणं एवढंच की कोर्स लावण्याआधी एक जागा नीट समजून घ्या, ९ नंबरच्या क्रोमोसोमवरची ९पी२१. २००७ मध्ये वेगवेगळ्या टीमना ती जवळपास एकाच वेळी सापडली आणि गंमत म्हणजे नेमक्या त्या जागी प्रोटीन बनवणारा जीनच नाही, कोलेस्टेरॉल-बीपीशीही संबंध दिसत नाही, तरी धोका वाढतो. युरोपियन वंशाच्या साधारण चौघांत एकाकडे दोन्ही कॉपी धोक्याच्या असतात, त्यांचा धोका दीडपटीच्या आसपास. म्हणजे चिंता करायची पण कपाळाला हात लावून बसायचं नाही.

आता तिथला आरएस१३३३०४९ हा स्निप, म्हणजे डीएनएतला एका अक्षराचा फरक, घ्या. याची दोन रूपं, सी आणि जी. डीएनएच्या समोरच्या धाग्यावर सी चा जी होतो आणि जी चा सी, त्यामुळे दोन डेटासेट मर्ज करताना एकाचा धागा उलटा असला तर नुसती अक्षरं बघून कळतच नाही. एरवी कुठलं रूप लोकांत किती आढळतं, ती फ्रिक्वेन्सी बघून पकडता येतं पण इथे दोन्ही अलील (म्हणजे रूपं) निम्मे-निम्मे, झालं, धोक्यातला माणूस सेफ दिसतो आणि प्लिंक हे डेटा तपासायचं सॉफ्टवेअर एका शब्दाने एरर देत नाही. म्हणून आधी स्निप वाचणाऱ्या चिपची मॅनिफेस्ट फाइल (कुठला स्निप कुठल्या धाग्यावर वाचलाय याची यादी) उघडायची, आजूबाजूचे स्निप जुळतात का बघायचं, मगच पुढे. कंटाळवाणं आहे, पण खरं काम हेच.

दुसरं, पीसीएसके९ या जीनवरचा २००६ चा अमेरिकेतला अभ्यास मुळातून वाचा. ज्या कृष्णवर्णीय लोकांत हा जीन निकामी करणारा बदल होता त्यांचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) २८ टक्के कमी आणि हृदयविकार तब्बल ८८ टक्के कमी! जन्मापासून एलडीएल कमी राहिलं की केवढा फरक पडतो ते यात दिसतं, आणि याच जीनच्या प्रोटीनला अडवणारी इंजेक्शनं २०१५ ला मंजूर झाली.

इंटरव्ह्यूला हमखास विचारतात, युरोपियन डेटावर बनवलेला रिस्क स्कोअर आपल्या लोकांवर तसाच लावता येईल का. नुसतं नाही म्हणून थांबू नका, अलील फ्रिक्वेन्सी आणि एलडी (शेजारचे स्निप एकत्र वारशाने येण्याचं प्रमाण) वेगळं असतं हे सांगता आलं पाहिजे. आणि स्टॅट्स कच्चं असेल तर लॉजिस्टिक रिग्रेशन आणि ऑड्स रेशो तेवढं पक्कं करून या, बाकी पाइपलाइन-बिइपलाइन लॅबमधले सीनियर शिकवतात.