लाइट गेली की मीटिंगमधून बाहेर: इन्व्हर्टर असूनही वाय-फाय जात असेल तर

लक्षण असं: वीज जाते, इन्व्हर्टर लगेच चालू होतो, लॅपटॉप बॅटरीवर चालतच असतो, पण राउटर रीस्टार्ट होतो आणि दोन-तीन मिनिटं नेट गायब. तोवर टीमची मीटिंग पुढे गेलेली.

जास्त स्पीडचा प्लॅन घेतला, राउटरची जागा बदलली. काही उपयोग नाही. मोबाइलचा हॉटस्पॉट चालतो, पण तो जोडेपर्यंत आपण बाहेर पडलेलोच असतो. वैताग आला होता.

आधी इन्व्हर्टरच्या मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर केलं. वीज गेल्यावर बॅटरीवर जाताना क्षणभर पुरवठा तुटतो, तेवढ्यात राउटर बंद पडतो; या मोडमध्ये ही अदलाबदल झटकन होते. तरी राउटर अधूनमधून बंद पडायचाच. (शिवाय व्होल्टेज कमी असेल तिथे या मोडमध्ये इन्व्हर्टर सारखा बॅटरीवर जातो.)

उपाय ठरला राउटरचा मिनी यूपीएस, म्हणजे अडॅप्टर आणि राउटर यांच्यामध्ये बसणारी छोटी बॅटरी. घेण्याआधी अडॅप्टरवरचं ‘आउटपुट’ वाचा. माझ्याकडे १२ व्होल्ट, १ अँपिअर होतं. मिनी यूपीएसचे व्होल्ट त्याच्याशी तंतोतंत जुळायला हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन्ही त्यावर हवेत, तेव्हा अँपिअरची बेरीज करा. पिनचं माप आणि मध्यभागी प्लस असल्याची खूणही पाहा.

मग मिनी यूपीएस पूर्ण चार्ज करा, राउटरचा अडॅप्टर त्याच्या इनपुटला लावा, आउटपुटची वायर राउटरला. शेवटी कॉल चालू ठेवून भिंतीवरचा स्विच बंद करा. राउटरचे दिवे लुकलुकलेही नाहीत, तर जमलं.