रूथची गोष्ट खळ्यावरनं वाचा

इब्री शास्त्रातल्या, म्हणजे बायबलच्या जुन्या करारातल्या, गोष्टी समजून घ्यायच्या असतील, तर पहिल्यांदा रूथचं पुस्तक घ्या. चार अध्याय, ८५ वचनं. एका बैठकीत होतात. कोल्हापुरात आमच्या बायकांच्या वाचनगटाला मी हेच आधी देते. गटातल्या शेतकरणींना ते आमच्यासारख्या शिकवणाऱ्यांपेक्षा लवकर उमजतं.

पहिल्या वाचनात भक्ती, प्रेम वगैरे बाजूला ठेवा, नुसता हंगाम बघा. नामी आणि तिची विधवा सून रूथ मवाबातून बेथलेहेमला पोचतात, तेव्हा सातूची सुगी सुरू होत असते. तिकडं सातू आधी, गहू मागाहून. त्याच देशातल्या गेझेर या जुन्या गावी १९०८ साली सापडलेल्या चुनखडीच्या छोट्या पाटीवरही कापणीचा हाच क्रम कोरलाय. ही पाटी ख्रिस्तपूर्व दहाव्या शतकातली मानतात. दोन्ही कापण्या होईपर्यंत रूथ नात्यातल्या बवाजाच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीत मागं पडलेली कणसं, वेचते. मग? ‘सुगी संपली, आता खायाचं काय, सासूला त्योच घोर हाय,’ असं आमच्यातली एक मावशी म्हणाली. तिसऱ्या अध्यायात नामी रूथला रात्री खळ्यावर बवाजाकडं धाडते, ती खटपट मला त्यानंतर लख्ख दिसली.

आता कायदा. जुन्या करारातलीच लेवीय आणि अनुवाद ही नियमांची पुस्तकं घ्या, लेवीय १९ आणि अनुवाद २४ उघडा. शेताचे कोपरे कापायचे नाहीत, विसरलेली पेंढी आणायला मागं फिरायचं नाही. ते गरिबाचं, उपऱ्याचं, अनाथाचं, विधवेचं. रूथ उपरीही आहे आणि विधवाही. तिला सरवा वेचू देणं हे बवाजाचे उपकार नव्हेत, तो तिचा हक्कच होता. त्याचा मोठेपणा पुढं आहे: पेंढ्यांतली कणसं मुद्दाम गाळा, असं तो गड्यांना सांगतो तिथं.

रात्रीच्या खळ्यापाशी गटात हमखास कुजबुज होते. होऊ द्या, प्रसंग धीटच आहे. पण बवाज तिथं झोपलाय कशाला? उफणलेल्या धान्याची रास उघड्यावर पडलेली, राखण नको? आणि इथं एक इब्री शब्द ठाऊक हवाच: कानाफ. त्याचा अर्थ पंख आणि वस्त्राची कडा, दोन्ही. दुसऱ्या अध्यायात बवाज म्हणतो, तू देवाच्या कानाफाखाली आसरा घेतलास. खळ्यावर रूथ त्यालाच म्हणते, तुमचा कानाफ माझ्यावर पसरा. आशीर्वाद दिलात, आता निभवा! भाषांतरात बहुधा एकीकडं पंख होतो, दुसरीकडं वस्त्र, आणि हा टोला हुकतो. म्हणून दोन भाषांतरं शेजारी ठेवा. पंडिता रमाबाईंचं मूळ भाषांवरून केलेलं मराठी बायबल मिळालं तर उत्तम.

चौथ्या अध्यायात वेशीत पंचांसमोर नामीच्या नवऱ्याचा एक नातेवाईक त्याच्या जमिनीवरचा आणि रूथवरचा हक्क सोडतो आणि पायातला जोडा काढून देतो. कोल्हापुरात चप्पल हातात आली की भांडणच, म्हणून आमच्याकडं सगळ्या हसतात. इथं मात्र तो व्यवहार पक्का झाल्याची खूण आहे. लेखक स्वतःच थांबून सांगतो, की पूर्वी इस्राएलात अशी रीत होती. म्हणजे त्याच्या वाचकांनाही ती समजावून द्यावी लागत होती! अनुवाद २५ मध्ये भावाच्या विधवेला नाकारणाऱ्याचा जोडा ती स्वतः काढते आणि त्याच्यावर थुंकते. तो अपमान इथं नाही. दोन्ही उतारे लागोपाठ वाचा.

याच अध्यायात वडीलधारी मंडळी बवाजाला आशीर्वाद देताना तामारेचं नाव घेतात. तेव्हा पुढच्या बैठकीला उत्पत्ती ३८ घ्या. तिथंही एक विधवा आहे, हीच तामार, आणि हक्क द्यायला टाळाटाळ करणारा सासरा.