मशरूम कॉफी सुरू करताय? आधी या चुका टाळा

ठाण्यात आमचं कॉफी दळून देण्याचं दुकान आहे. पीबेरी, प्लँटेशन ए, रोबस्टा चेरी असे बियांचे प्रकार, चिकोरी किती टाकू, ऐंशी-वीस की सत्तर-तीस, एवढ्यात आमचं जग संपायचं. हल्ली मात्र गिऱ्हाईक येतं, पिशवीतून मशरूम कॉफीचं पाकीट काढतं आणि म्हणतं, "हे बघा हो, काही उपयोगच होत नाही याचा." पाकीट घेतलेलं असतं ऑनलाइन, तक्रार मात्र माझ्या काउंटरवर. आणि दहातल्या नऊ वेळा तक्रार तीच असते, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पहिली गोष्ट, ही बहुधा कॉफीच असते. बहुतेक पाकिटांत इन्स्टंट कॉफीत चार-पाच अळंब्यांचा अर्क किंवा भुकटी मिसळलेली असते: लायन्स मेन, रेशी, चागा, कॉर्डिसेप्स ही नेहमीची मंडळी. साध्या मोठ्या कपात साधारण 95 मिलिग्रॅम कॅफीन धरतात, यात त्याच्या निम्म्याच्या आसपास. निम्मं म्हणजे शून्य नव्हे. रात्री नऊला पिऊन झोप आली नाही तर अळंबीला दोष देऊ नका. थायरॉइडची गोळी घेऊन लगेच कॉफी पिऊ नये, हा नियम इथेही लागू. काही पाकिटांत कॉफीचा कणही नसतो, कोको आणि चिकोरीवर काम भागवलेलं असतं. तुमच्या हातात यातलं कोणतं आहे, हे आधी बघा. ते न बघताच लोक मत बनवतात.

सोमवारपासून एकदम बदल

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. आमचे दाजी बँकेत आहेत. सकाळी दोन, बँकेत दोन, घरी आल्यावर एक असा त्यांचा कॉफीचा रतीब, तोही कडक डिकॉक्शनचा, म्हणजे फिल्टरमधून उतरवलेल्या दाट अर्काचा. छातीत जळजळ होते म्हणून डॉक्टरांनी कमी करा सांगितलं. दाजींना कमी करणं जमत नाही, त्यांना बंदच करता येतं. रविवारी रात्री घरातली सगळी पावडर कामाच्या मावशींना देऊन टाकली आणि सोमवारी सकाळी मशरूम कॉफीचा एक कप. बस्स, दिवसभरात तेवढाच.

मंगळवारी दुपारी डोकं ठणकायला लागलं. बुधवारी रजा टाकली. ताईचा मला फोन, "अरे, हे माणसात नाहीत, काहीतरी सांग यांना." दाजींचं निदान तयार होतं: अळंबी बाधली. मग शेजाऱ्यांनी दिलेली डोकेदुखीची गोळी घेतली, थोड्याच वेळात हुशारी आली आणि निदानावर शिक्का बसला. संध्याकाळी मी गेलो, गोळीची पट्टी उलटी करून वाचली. पॅरासिटामॉलच्या शेजारी लिहिलेलं, कॅफीन. म्हणजे ज्याच्यावाचून डोकं दुखत होतं तेच दाजींनी गोळीतून घेतलं होतं, आणि शिव्या खात होती अळंबी.

कॅफीन अचानक तुटलं की 12 ते 24 तासांत डोकेदुखी, सुस्ती, चिडचिड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत ती सगळ्यात जोरात असते आणि काहींना आठवडाभर, क्वचित नऊ दिवसांपर्यंत पुरते. हे दाजींचं नाटक नव्हतं. मानसोपचारतज्ज्ञ वापरतात त्या अमेरिकेच्या डीएसएम या यादीच्या 2013 च्या आवृत्तीत कॅफीन सुटण्याच्या या त्रासाची रीतसर नोंद आहे. पाच कपांवरून एका निम्म्या ताकदीच्या कपावर उडी मारली तर दुसरं काय होणार?

मी लोकांना सांगतो ती पद्धत कुठल्या पुस्तकातली नाही. दिवसाचा शेवटचा कप आधी बदला. आठवडाभर तेवढंच. मग दुपारचा. सकाळचा कप सगळ्यात शेवटी, कारण माणसाचा जीव त्याच्यात असतो आणि तो हिसकावला की माणूस बंड करतो. ज्यांना कपांचा हिशेब ठेवायचा कंटाळा आहे त्यांनी रोजच्या पावडरीतच मशरूमवाली थोडी मिसळावी आणि दर आठवड्याला प्रमाण वाढवावं. हे ऐकून लोक म्हणतात, "इतका वेळ कुणाला आहे?" बरं, मग डोकेदुखीला वेळ काढा.

आणि कॉफी सोडली म्हणून चहाचे तीन कप वाढवले असतील तर काहीच बदललेलं नाही. आपल्याकडे चहा कुणी मोजतच नाही. दाजींची जळजळ, ताईच्या म्हणण्याप्रमाणे, निम्मी उपाशीपोटी पिण्याने होती. त्याला अळंबी काय करणार?

पाकिटाची फक्त पुढची बाजू वाचणं

पुढच्या बाजूला बर्फाची शिखरं, एक ध्यानस्थ माणूस आणि "हिमालयीन कॉर्डिसेप्स" असं लिहिलेलं असतं. उत्तराखंडात पिथौरागडच्या वरच्या कुरणांत उन्हाळ्यात गुडघ्यांवर रांगत लोक शोधतात ती कीडाजडी, म्हणजे खरी हिमालयीन कॉर्डिसेप्स, तुमच्या कपात नाही. तिच्या किमतीत कपच परवडला नसता. पाकिटात असते ती बहुतेक वेळा कॉर्डिसेप्स मिलिटारिस, बंद खोलीत बरण्यांमध्ये वाढवलेली. त्यात वाईट काही नाही, फक्त चित्र दुसऱ्याचं आहे.

पाकीट उलटं करा आणि तीन गोष्टी शोधा. एक, आत प्रत्यक्ष अळंबी आहे, जिला फ्रूटिंग बॉडी म्हणतात, की मायसेलियम, म्हणजे धान्यावर वाढवलेले बुरशीचे पांढरे धागे. धागे धान्यापासून पूर्ण सुटे करता येत नाहीत, त्यामुळे पुष्कळदा ज्वारी-तांदळाचं पीठही अळंबीच्या भावाने विकलं जातं. दोन, अर्क आहे की नुसती भुकटी. अळंबीच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असतं, खेकड्याच्या कवचात असतं तेच. नुसती भुकटी कपात ढवळून ते उकलत नाही, त्यासाठी गरम पाण्यात बराच वेळ अर्क काढावा लागतो. तीन, बीटा-ग्लुकनचा, म्हणजे अळंबीतल्या ज्या घटकासाठी पैसे मोजतो त्याचा, आकडा. "पॉलिसॅकराइड 40 टक्के" या आकड्यावर भुलू नका, पिठातला स्टार्चसुद्धा पॉलिसॅकराइडच आहे.

शंका आली तर औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन आणा. चिमूटभर भुकटी पाण्यात उकळा, पूर्ण गार होऊ द्या आणि दोन थेंब टाका. निळं-काळं झालं तर पिठाचा भरणा आहे. गरम पाण्यात रंग येत नाही, आणि कॉफी मिसळलेल्या पाकिटावर हा प्रयोग करण्यात अर्थ नाही, आधीच काळं असतं सगळं. सुट्या भुकटीवरच करा आणि ते पाणी मोरीत ओता.

आता मिलिग्रॅम. एका कपात 2000 मिलिग्रॅम "मिश्रण", त्यात चार अळंब्या, म्हणजे समान वाटे धरले तरी प्रत्येकी अर्धा ग्रॅम. स्मरणशक्तीसाठी लायन्स मेनचा दाखला देताना ज्या जपानी प्रयोगाकडे बोट दाखवतात, त्यात 2009 साली 50 ते 80 वयाच्या, विसराळूपणा सुरू झालेल्या जेमतेम 30 लोकांचा अभ्यास होता. निम्म्यांना रोज साधारण 3 ग्रॅम भुकटी, सलग 16 आठवडे. थोडी सुधारणा दिसली, आणि बंद केल्यावर चार आठवड्यांत ती ओसरू लागली. आता माझ्याकडे येणारा तिशीतला धडधाकट मुलगा चौथ्या दिवशी विचारतो, "काका, फोकस कधी वाढणार?" मी त्याला मोबाइल खिशात ठेवायला सांगतो.

फिल्टरमध्ये टाकणं

टाकू नका. मशरूमची भुकटी भिजली की चिकट होते, फिल्टरची भोकं बुजतात, आणि सकाळी वरच्या भांड्यात चिखल व खालचं भांडं कोरडं. असे फिल्टर लोक माझ्याकडे साफ करायला आणतात! डिकॉक्शन नेहमीसारखं वेगळं काढा. भुकटी कपात चमचाभर कोमट पाण्यात कालवून घ्या, गुठळी राहू देऊ नका, मग डिकॉक्शन, मग दूध. मी लहान लाकडी रवीने घुसळतो. बॅटरीवर फिरणारी यंत्रंही चालतात म्हणे, पण महिन्याभरात ती ड्रॉवरमध्ये जातात. तळाशी गाळ बसतोच, शेवटच्या घोटाआधी कप हलवा. गूळ घालायचा असेल तर दूध गॅसवरून उतरवल्यावर, नाहीतर फाटतं.

"नैसर्गिक आहे, दोन कप जास्त झाले तर काय?"

चागा बर्च झाडावर वाढतो. दुसऱ्या महायुद्धात कॉफी मिळेनाशी झाली तेव्हा फिनलंडमध्ये लोक तो उकळून पीत, आणि जाहिरातवाले ही कथा हौसेने सांगतात. ते सांगत नाहीत ते असं: चागात ऑक्झलेट, म्हणजे मुतखडे घडवणारा क्षार, भरपूर असतं. जपानमध्ये 72 वर्षांच्या एका बाईंनी यकृताच्या कर्करोगावर उपाय म्हणून सहा महिने रोज चार-पाच चमचे चागा भुकटी घेतली. मूत्रपिंडं निकामी होऊन डायलिसिसवर जावं लागलं. 2014 साली डॉक्टरांनी ते प्रकरण छापलं. कपातला चागा याच्या मानाने अगदी थोडा असतो हे खरं, पण मुतखड्याचा इतिहास असेल तर चागावालं पाकीट घेऊच नका. रक्त पातळ करणाऱ्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर रेशीबद्दल डॉक्टरांना आधी विचारा, मला नको. गरोदरपणातही तेच.

बाकीच्या चुका, पटापट

जैन शेजाऱ्यांना न सांगता पाजू नका. ते अळंबी खात नाहीत आणि वासावरून ओळखूही येत नाही. आपल्यातही चातुर्मासात वर्ज्य करणारी घरं आहेत, विचारून मगच कप पुढे करा.

भाजीवाल्याकडची बटण मशरूम वाळवून, दळून घरच्या घरी मशरूम कॉफी होत नाही. सूप होतं.

पावसाळ्यात कोकणात-गोव्यात रानात उगवणारी अळंबी व्हिडिओ बघून तोडून, वाळवून वापरणं हा तर वेडेपणा आहे. ओळखणाऱ्या बाईंकडून घ्या, भाजी करा, कॉफीच्या नादी लावू नका.

ओला चमचा पाकिटात घालू नका. जून ते सप्टेंबर पाकीट काचेच्या घट्ट बरणीत ओतून ठेवा, फ्रिजमधून आत-बाहेर करू नका. गुठळ्या झाल्या आणि कुबट वास आला तर फेका. "बुरशीवरच बुरशी आली, त्यात काय?" असं विचारणारं एक गिऱ्हाईक आहे माझं. विकत घेतलेली बुरशी वेगळी, बरणीत आपोआप उगवलेली वेगळी. फेका म्हणजे फेका.