किरायेदारांचा त्रास आहे? मग आधी या चुका टाळा

आमच्या लेआऊटच्या, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीच्या, नागरिक मंडळाचा सचिव म्हणून मला आठ वर्षं झाली. पगार नाही, मान नाही, रात्री साडेअकराला वाजणारा फोन तेवढा आहे. "काकाजी, वरच्या पोट्ट्यांनी पुन्हा साउंड लावला, चला ना." मी चलत नाही. का चलत नाही, ते ऐका.

रात्री घोळका घेऊन जाणे

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून सविस्तर सांगतो. नागपुरातल्या त्रिमूर्तीनगरकडचा आमचा भाग. मे महिना. एका घराचा मालक पुण्यात, वरच्या मजल्यावर हिंगणा रोडच्या कॉलेजात शिकणारे पाच पोट्टे. रोज रात्री गच्चीवर स्पीकर, मोठमोठ्यानं हसणं आणि मध्येच सायलेन्सर बदललेल्या बुलेटचे फटाके. एका रात्री पावणेबाराला आम्ही चौदा जण निघालो. एकाच्या हातात काठी होती, कुत्र्यांसाठी म्हणे. दार वाजवलं, आवाज चढले आणि आमच्यातल्या एकानं पोट्ट्याची कॉलर धरली. दुसऱ्या पोट्ट्यानं शांतपणे मोबाइल काढला.

त्या व्हिडिओत स्पीकर नाही. आम्ही जिन्यात असतानाच त्यांनी तो बंद केला होता. दिसतो तो मी, बनियनवर, कॉलर धरणाऱ्याच्या मागे. ठाण्यात हवालदारानं व्हिडिओ दोनदा पाहिला आणि विचारलं, "काकाजी, यात कोन कोनाला त्रास देऊन राहिलं?" अडीच वाजेपर्यंत आम्ही बाकावर. तक्रार द्यायला गेलो होतो, माफीनामा लिहून आलो.

आता माझी सवय अशी. रात्री फक्त पोलिसांच्या ११२ ला फोन. तोही आवाज चालू असताना; बंद झाल्यावर अर्ध्या तासानं राग आला म्हणून नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. रात्री १० ते सकाळी ६ ही रात्रीची वेळ, आणि निवासी भागात तेव्हा मर्यादा ४५ डेसिबलची, दिवसा ५५ ची. हे आकडे पाठ असले की फोनवर बोलताना आवाज आपोआप खाली येतो. मोबाइलवरचं डेसिबल मोजायचं ॲप मात्र पोलिसांना दाखवू नका. ते हसतात.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला मी एकटा जातो. त्याआधी पोट्टे उठलेले नसतात. आधी नाव विचारतो, मग गाव. गाव निघालं की अर्धं काम होतं. यवतमाळ म्हटलं की कोणी ना कोणी ओळखीचं सापडतंच.

मालकाला सोडून पोट्ट्यांशी भांडणे

पोट्टे दोन वर्षांत जातील, नवे येतील. मालक तोच राहणार. पण लोकांना समोर दिसतो त्याच्यावर राग काढायची घाई. मालकाला फोन करा म्हटलं तर म्हणतात, केला, तो "बघतो" म्हणाला. अहो, पुण्यात बसून तो काय बघणार? दर महिन्याला किराया जमा झाला की त्याच्या दृष्टीनं सगळं ठीक.

मी मालकाला फोन करत नाही, पत्र पाठवतो. रजिस्टर्ड पोस्टानं, तारखा आणि वेळा लिहून. आणि त्यात एक साधा प्रश्न: करारनामा नोंदवला आहे का? इथे नव्वद टक्के मालक गार होतात (आकडा माझ्या अंदाजाचा, भांडू नका). "अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही," हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते पूर्ण होऊ देत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, लिव्ह अँड लायसन्स असला तरी, अकरा महिन्यांचा असला तरी. जबाबदारी मालकाची, आणि चुकला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. किरायेदाराची माहिती पोलिसांना दिली का, हा दुसरा प्रश्न. ती राज्य पोलिसांच्या पोर्टलवर घरबसल्या भरता येते, त्यामुळे "नागपूरला यायला वेळ नाही" ही सबब चालत नाही.

जुना, पक्का भाडेकरू असेल तर त्याच कायद्याचं कलम १६ मालकाच्या हाती आहे: शेजाऱ्यांना उपद्रव, हे घर खाली करून मागायचं कारण ठरतं. पण त्यासाठी तुमची वही लागते. शंभर पानी, पाच मिनिटांचं काम. तारीख, वेळ, काय झालं, कोणी ऐकलं. "रोज त्रास देतात" याला वहीत जागा नाही. ठाण्यात अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्क्यासकट. पोच न घेणाऱ्या माणसाशी मी पुढं बोलतच नाही.

आता भरभर

बुलेटच्या चाकाची हवा सोडणे: सीसीटीव्ही तुमच्याच घरावर लावलेला असतो, हे विसरू नका.

लेआऊटच्या ग्रुपवर पोट्ट्यांचे फोटो टाकून "यांना ओळखा" लिहिणे: करू नका.

"बॅचलर बंद" असा फलक: आमच्या भागात सगळ्यात जास्त कटकट एका सहकुटुंब किरायेदारानं केली होती. लेकराच्या वाढदिवसाला डीजे.

मारबतीच्या दिवशी (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात इडापिडा घालवायला पुतळ्यांची मिरवणूक निघते, ती) त्यांच्या घरासमोर थांबून "घेऊन जा गे मारबत" ओरडणे: हसू येतं, मलाही आलं होतं. नंतर महिनाभर स्पीकरचं तोंड आमच्या घराकडे होतं.

वीज, पाणी तोडणे

हा शॉर्टकट मालकच सुचवतात. "काकाजी, तुम्हीच खालून मेन स्विच पाडा ना." खबरदार. किरायेदाराचं पाणी, वीज अशा अत्यावश्यक सोयी बंद करायला त्याच भाडे कायद्याच्या कलम २९ नं मालकालाही मनाई आहे, मग तुम्ही कोण? पंचेचाळीस डिग्रीत कोणाची वीज तोडायची, ही कल्पनाच मला शेजाऱ्यांकडून सहन होत नाही.

उन्हावरून आठवलं. त्या पाच पोट्ट्यांकडे सकाळी गेलो तेव्हा एकजण म्हणाला, "काकाजी, खोलीत झोपून दाखवा, मग बोला." मी आत गेलो. वर उघडा स्लॅब, दिवसभर तापलेला. सकाळी साडेदहालाही भिंतीला हात लावला तर गरम. कूलर नाही. ते गच्चीवर मजा मारायला जात नव्हते, झोप येत नव्हती म्हणून जात होते, आणि जागं राहायचं तर गाणी लागणारच. मालकाला पत्रात मी एक ओळ वाढवली: एक कूलर द्या, नवीन ताट्यांसकट. आठ दिवसांत आला. गच्ची रिकामी झाली.

आता त्या कूलरचं पाणी खिडकीतून शेजारच्या काकूंच्या तुळशीवर टपकतं. वहीत नोंद केली आहे.